दोन रजिस्टरं

उद्यमबागेत, आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात
माझ्या टेबलावर दोन रजिस्टरं असतात.
निळ्यावर लिहिलंय सॅलरी,
पिवळ्यावर वेजेस.
निळ्यात एकवीस नावं, पिवळ्यात एकशे चाळीस.
निळी माणसं रविवारी झोपली तरी रविवार भरतो.
पिवळ्यांचा रिकामा जातो.

मी नवी होते तेव्हा हुद्दारकाकांना विचारलं,
दोन्हीचं मराठी पगारच ना?
ते चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, एक महिन्यानं मोजतात, एक घामानं.
पण असं कुठं लिहू नको.

सात तारखेला बसव्वा
चहाची किटली टेकवता टेकवता विचारते,
"अक्का, संबळ आतेनु?"
पहिल्यांदा मी दचकले होते.
आमच्यात संबळ गोंधळ्याच्या कमरेला,
लग्नानंतरच्या रात्री, पोताच्या उजेडात.
तिच्या कानडीत तो बँकेत जमा होतो.
आता मीही सांगते,
आतव्वा, वाजला.

मागच्या वर्षी बेंगळूरहून ट्रेनर आला.
प्रोजेक्टर लावून म्हणाला,
सॅलरी हा शब्द मिठावरून आलाय.
निळ्या रजिस्टरानं टाळ्या वाजवल्या.
मी खिडकीशी बसले होते.
बाहेर भरमा कंग्राळकर नळाखाली वाकलेला,
भट्टीपुढं वाळून बनियन पाठीवर पांढरं, कडक.
मीठ तर पिवळ्यात होतं.

दिवाळीआधी भरमाला सुपरवायझर केलं.
मीच त्याचं नाव खोडलं, मीच निळ्यात लिहिलं,
त्यानं सही करताना पेन आधी तळहातावर चालवून बघितला.
महिन्यानं स्लिप घेऊन खिडकीत.
"बाई, ओव्हरटाइम कुठं गेला?"
सॅलरीला ओव्हरटाइम नसतो, भरमा.
"मग मी मोठा झालो म्हणजे काय झालं ओ?
बायको म्हणत्या, परत मजुरीवर जा की."
पण निळं रजिस्टर मागं उलटत नाही.

फेब्रुवारीत एक पोरगा कामावर नव्हता.
मोल्डिंगचा बॉक्स उचलायला भरमाच वाकला.
नाव निळं झालं होतं,
हाताची सवय नव्हती झाली.
डावी दोन बोटं.

कागद आला. त्यावर कंपेन्सेशन.
सोबत तक्ता असतो,
अंगठ्याला इतके टक्के, करंगळीला तितके,
सांध्याच्या वर तुटलं तर वेगळे.
मी पट्टी लावून आडव्या ओळी वाचल्या.

त्याच आठवड्यात दुसरा पाकीट,
गोपनीय, फायलीला लावायचं मलाच.
नव्या डायरेक्टरसाहेबांचं कंपेन्सेशन.
शब्द तोच. स्पेलिंग दोनदा जुळवलं.
आकड्यातली शून्यं मोजायला
पेन्सिलचं टोक टेकवावं लागलं.
साहेब सही करत होते तेव्हा मी हात पाहिले.
दहाही होती.
तरी काहीतरी गेलं असेल त्यांचं.
कुठल्या तक्त्यात बसतं, मला सापडलं नाही.

माझा बाप वडगावात मागावर बसायचा.
शनिवारी शेठ साडीमागं हिशेब करून
नोटा हातावर ठेवायचा.
त्याला आमच्या घरात नावच नव्हतं.
आई दारातनं विचारायची, "आणलासा?"
एवढंच.

भरमा आला, उजव्या हातानं सही केली,
डावा टॉवेलात गुंडाळलेला.
"हे पगारात धरायचं काय ओ?"
नाही.
"मजुरीत?"
नाही रे.
"मग घरात काय म्हणून सांगू?"

भरपाई, असं तोंडाशी आलं होतं.
पण त्या शब्दात भरणं आहे.
मी कागद सरळ केला, शिक्का मारला,
शिक्का जरा तिरका बसला.
म्हटलं,
पैसे आलेत म्हण.
आलेत, एवढंच म्हण.